एम.ए.साठी फुगवलेली छाती

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या, कारण पुढं मी काय सांगणार आहे ते ऐकून तुम्ही हसाल की माझ्या बी.ए.च्या पदवीबद्दल शंका घ्याल, मला सांगता येत नाही. चहा मात्र निवू देऊ नका.

लढाईचे दिवस होते. मी सांगलीच्या कॉलेजातून इतिहास घेऊन नुकताच बी.ए. झालो होतो. आमच्या रहिमतपूरकडच्या गावात पहिला पदवीधर! पण पुढं काय? मला पुण्याला जाऊन एम.ए. करायचं होतं. मोडीतले जुने कागद बारकाईनं वाचायचे, हा माझा विषय. वडील म्हणजे आबा, मागच्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेले, पेन्शनीत निघालेले नाईक. त्यांना हा विषय काही केल्या पटेना.

"जुनी कागदं वाचून काय व्हतंय रं? ज्येनी लिवली ती मेली, ज्यास्नी लिवली ती बी मेली!"

तेवढ्यात कॉलेजच्या फळ्यावर बातमी लागली. कुणा दानशूर शेठजींच्या निधीतून एम.ए. करणाऱ्या एका, फक्त एकाच, विद्यार्थ्याला दोन वर्षांची शिष्यवृत्ती. मी अर्ज ठोकला. आबांनी एवढंच सांगितलं, "एकडाव बघ. मिळाली तर जा पुण्याला. न्हाई मिळाली तर पलटण हाय."

म्हणजे बघा, एकीकडं पुणं, दुसरीकडं पलटण, आणि मधे मी.

मुलाखतीचं पत्र आलं. साताऱ्याला, पोवई नाक्याजवळच्या बंगल्यात, सकाळी आठला. खाली एक ओळ होती : 'मुलाखतीपूर्वी उमेदवाराच्या शरीरप्रकृतीची तपासणी होईल.' शेठजी म्हणे तालमीचे शौकीन. विद्वान माणूस खोकत मरता कामा नये, असं त्यांचं मत. सगळा घोळ झाला तो या एका ओळीनं.

सर्व्हिस मोटारीनं साताऱ्याला उतरलो. नाक्यापाशी बघतो तर शेजारी शेजारी दोन बंगले. एकाच्या आवारात चिटपाखरू नाही. दुसऱ्याच्या आवारात साठ-सत्तर जवान पोरांची रांग! मला भरून आलं हो. सातारा जिल्ह्यात एम.ए. करू इच्छिणारे इतके? आणि तब्येती काय एकेकाच्या! आपण उगाच स्वतःला गावातला एकटा विद्वान समजत होतो. माझी मान आपोआप खाली गेली. मान खाली असल्यानं वरचं काही दिसलं नाही, हे पुढं तुमच्या लक्षात येईलच.

रांगेतल्या शेवटच्या गड्याला विचारलं, "निवड इथंच आहे ना?"

"व्हय. लागा मागं."

"आधी तपासणी?"

"आदी तपासणी, मग सायेब."

पत्राबरहुकूम! शंकेला जागाच कुठं राहिली? मी मागं उभा राहिलो आणि गप्प बसवेना म्हणून विचारलं, "तुम्ही काय घेणार?"

"आपुन काय घ्येनार? सायेब म्हनतील त्ये. पर मनात घोडदळ हाय."

मराठ्यांचं घोडदळ! अहो, केवढा मोठा विषय! मी हरखलोच. त्याला शिलेदार कोण, बारगीर कोण, पागेचा बंदोबस्त कसा असायचा, सगळं रांगेतच ऐकवलं. तो तोंड उघडं टाकून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "लय म्हाईती हाय गड्या तुला. तुला लगीच घेत्यात बघ."

त्याच्या निर्मळ मनाचं मला फार कौतुक वाटलं. जागा एक, आणि हा प्रतिस्पर्ध्याला धीर देतोय!

नंबर आला. एका मिशाळ हवालदारानं सदरा काढायला लावला आणि खडूनं छातीवर आकडा लिहिला, सत्तेचाळीस. मी मनात म्हटलं, केवढी ही निःपक्षपाती पद्धत! नाव नाही, जात नाही, नुसता नंबर!

"फुगीव छाती!"

फुगवली.

"आजून!"

"एवढीच येते हो."

"आरं, आवाज काडू नगंस, हवा जातीया! फुगीव!"

एम.ए.साठी, तुम्हाला सांगतो, मी ती छाती अशी फुगवली की डोळ्यांपुढं काजवे चमकले. मग वजन झालं, दात झाले, डोळे झाले. मग मैदानाला चार फेऱ्या. धोतर खोचून पळताना एकच विचार मनात होता, आपल्या प्राध्यापकांपैकी या कसोटीला किती उतरले असते?

दम खात टेबलापाशी आलो. डॉक्टरांनी तब्येत ठणठणीत असल्याच्या चिठ्ठीवर शिक्का मारून ती माझ्या हातात दिली. पलीकडं सुभेदारसाहेब बसले होते, कऱ्हाडकडचे, छातीवर बिल्ले. शेठजींनी लष्करातलीही माणसं निवडीला बसवली! माझा आदर आणखी वाढला.

"किती शिकलास?"

"बी.ए."

कारकुनाचा टाक थांबला. सुभेदारसाहेब खुर्चीत सरळ झाले.

"आनि हितं कशापायी आलास?"

"पुढं शिकायला, साहेब."

"शाब्बास! आरं, हितं शिकिवत्यात त्ये कुटल्या कालिजात शिकिवत न्हाईत!"

मग त्यांनी काय काय मिळणार ते सांगितलं. दोन जोड कपडे, बूट, कांबळं, दोन वेळचं जेवण, रेल्वेचा पास. मी थक्क! शिष्यवृत्तीत बूट? विद्येची एवढी कदर? माझे डोळे पाणावले.

"आणि ग्रंथालय?"

"त्ये काय अस्तं?"

"म्हणजे, वाचायला काही?"

"घरनं पत्रं येत्यात की! ती वाचायची. चल, कर सही."

सही करता करता मी सहज विचारलं, "मुदत दोनच वर्षांची ना?"

"लढाई सपंस्तवर."

माझा हात थांबला. एम.ए.चा आणि लढाईचा काय संबंध?

"साहेब, मला पुण्याला कधी जायचं?"

"पुन्याला कशाला? तुला सायबाच्या बोटीत बसवून मिसराला धाडतो!"

मी पत्र काढून पुढं केलं. त्यांनी ते वाचलं, माझ्याकडं बघितलं, परत वाचलं.

"काय शिकनार म्हनालास?"

"जुने कागद... बारकाईनं वाचायचे."

त्यांनी माझं मनगट धरलं, फाटकापर्यंत नेलं आणि वर बोट दाखवलं. हातहातभर अक्षरांत पाटी होती : 'सैन्यभरती.'

"ही बारीक हाय व्हय?"

साठ-सत्तर जणांची रांग पोट धरून हसत होती. माझा घोडदळवाला तर खालीच बसला.

"सही केलीस?" सुभेदारसाहेबांनी विचारलं.

"नाव झालंय. आडनाव राहिलंय."

"वाचलास! पळ आता!" टेबलापाशी परत येऊन त्यांनी भरतीचा कागद टराटरा फाडला.

पळालो. शेजारच्या बंगल्यात तीन वृद्ध विद्वान बसले होते, ज्यांचे लेख वाचून मी रात्री जागवलेल्या. त्यांना नुसतं बघायला मिळावं म्हणून मी अनवाणी पुण्याला गेलो असतो. आणि त्यांच्यापुढं उभा कसा? उघडा, घामाघूम, सदरा काखेत, छातीवर सत्तेचाळीस!

"उशीर?" मधले म्हणाले.

खोटं सुचेना. सगळं खरं सांगितलं. मग मधल्यांनी उपरणं तोंडाला लावलं, आणि ते उपरणं हलायला लागलं. तिघेही हसले, अगदी डोळे पुसून हसले. त्यानंतर मात्र तासभर त्यांनी मला मोडीत असं पिळून काढलं की मैदानाच्या फेऱ्या बऱ्या. प्रत्येक प्रश्नाबरोबर वाटायचं, बापरे, माणसाला इतकं ठाऊक असू शकतं!

शेवटी त्यांनी प्रकृतीचा दाखला मागितला. शेठजींचा डॉक्टर आलाच नव्हता. माझ्याआधी मुलाखत देऊन गेलेल्या बाकीच्या उमेदवारांकडं दाखला नव्हता. माझ्याकडं होता, शिक्क्यासकट!

शिष्यवृत्ती मलाच मिळाली. विद्येमुळं की छातीमुळं, हे विचारायचं धाडस मला आजतागायत झालेलं नाही.

एम.ए. झालो, तेव्हा गावानं सत्कार ठेवला. सरपंच आबांना म्हणाले, "आबा, पोरानं नाव काडलं. येम्ये झालं!"

आबा मिशीवरनं हात फिरवत म्हणाले, "व्हय, शिकलंय कायबाय. पर त्ये र्‍हाऊ द्या. पयल्या फटक्यात भरतीला पास झालतं, त्ये सांगा की समद्यास्नी!"