सॉलीआजोबांचे प्रेक्षक

नटाच्या शेजारी राहिलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. त्यातून नट नव्वदीचा आणि निवृत्तीला तयार नसलेला असेल, तर विचारूच नका.

मँचेस्टरला आमच्या शेजारी राहणारे सॉलीआजोबा यिडिश रंगभूमीवरचे नट. यिडिश म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची घरातली भाषा. आम्ही राहायला आलो त्याच दिवशी त्यांनी कुंपणापलीकडून विचारलं, "तू काय करतेस?"

"आयटीत आहे."

"म्हणजे नक्की काय?"

मी समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "माझंही तसंच. आयुष्यभर काम केलं, कळणारे कमीच भेटले."

*

त्यांच्या वडिलांची लंडनच्या ईस्ट एंडमध्ये नाटक कंपनी होती. सॉलीआजोबांची पहिली भूमिका मेलेल्या मुलाची. आई प्रेतावर पडून विलाप करतेय, थिएटर हुंदके देतंय, आणि प्रेताला शिंक आली.

पुढच्या रांगेतली एक बाई उठून ओरडली, "अगं, जिवंत आहे तो! डॉक्टर बोलवा!"

थिएटर टाळ्यांनी दणाणलं. दुसऱ्या दिवसापासून वडिलांनी शेवट बदलला. रोज शिंक, रोज टाळ्या. शोकांतिका हाउसफुल चालायला लागली.

मी विचारलं, "नाटककार काही बोलला नाही?"

"तो तिकीटखिडकीवर बसायचा. त्याची काही तक्रार नव्हती."

*

यिडिश थिएटरं बंद पडत गेली, तसे ते इंग्रजी सिनेमात शिरले. रशियन हेर झाले, इटालियन वेटर झाले, एकदा तर हिंदुस्थानी साधूसुद्धा. शेवटी एकदाची ज्यू शिंप्याची भूमिका मिळाली. शूटिंगला दिग्दर्शक म्हणाला, "सॉली, आणखी जरा ज्यू वाटू दे."

हे म्हणाले, "साहेब, जन्मल्यापासून तालीम चालू आहे. याहून जास्त जमत नाही."

भूमिका एका आयरिश नटाकडे गेली.

"छान केली त्याने," आजोबा मला म्हणाले. "मला बरंच शिकायला मिळालं."

*

मागे एका टीव्ही सिरीजवाल्यांनी नटांना यिडिश शिकवायला त्यांना नेमलं. झूम मी लावून द्यायचे. सिरीजमध्ये एक म्हाताऱ्याचं कामही होतं, त्यासाठी यांनी ऑडिशन दिली. कास्टिंगवाल्या मुलीचा फोन आला: "सॉरी, तुमचा अॅक्सेंट तितका ऑथेंटिक वाटला नाही. बाकीच्यांशी जुळत नाही."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? बाकीच्यांचा क्लास होता पाच मिनिटांत."

*

आमच्या मराठी मंडळाच्या नाटकाला त्यांना नेलं. विनोदी नाटक, हॉल भरलेला. त्यांना एक शब्द कळत नव्हता, पण पूर्ण वेळ मान वळवून ते प्रेक्षकांकडेच बघत होते.

परतताना गाडीत मी विचारलं, "आवडलं?"

"नट चांगले आहेत. पण तुझी मुलगी आधी तुझ्याकडे बघते, मग हसते."

"तिचं मराठी थोडं कच्चं आहे."

"आमच्याकडेही मुलं आईकडे बघून हसायची." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पुढे आयाच एकट्या यायला लागल्या."

मागच्या सीटवरून ईरा म्हणाली, "आई, आजोबा काय बोलला?"

"बोलले," मी म्हटलं.

*

बेला त्यांच्या कंपनीतली नायिका. वर्षानुवर्षं दोघांनी प्रेमाचे प्रवेश केले आणि पडदा पडल्यावर एकमेकांशी अबोला धरला. तिने त्यांना उभ्या आयुष्यात एकदाही चांगलं म्हटलं नाही. उलट सगळ्यांना सांगत फिरायची की सॉलीपेक्षा सेटवरचं कपाट बरं, निदान मध्ये बोलत नाही.

आता बेला केअर होममध्ये आहे. तिला माणसं ओळखू येत नाहीत. तिथे तिच्याशी यिडिश बोलणारंही कोणी उरलेलं नाही. म्हणून सॉलीआजोबा दर गुरुवारी जातात. मी गाडी चालवते.

परवा त्यांनी तिच्यासमोर जुना प्रवेश केला. गुडघे टेकवत नाहीत, म्हणून खुर्चीवर बसूनच तिचा हात धरला. बेलाने सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग काहीतरी बोलली. आजोबांनी उत्तर दिलं. तिने झटकन हात काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

"म्हणाली, बरा करतोस. पण हे काम सॉलीने करावं. त्याच्यासारखा नट झाला नाही."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, मी पाहिलंय त्याला. एवढा काही खास नव्हता."

त्यांनी समोरचा आरसा खाली ओढला, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "पुढच्या गुरुवारी जरा लवकर निघू."