मुद्देमालाची धार

ती गाय अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. पोलिसाच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण निवृत्तीनंतर छळते ती ही साधी चोरी.

तेव्हा इंदापूर तालुक्यात नेमणूक होती. लासुर्ण्याजवळच्या वस्तीवरच्या एक विधवा बाई फिर्याद द्यायला आल्या. त्यांची दुभती गाय चोरीला गेली होती, आणि घर तिच्यावरच चालत होतं. ठाणे अंमलदारानं खूण विचारली. बाई म्हणाल्या, "माझा एक हात अधू हाय, म्हणून मी डाव्या अंगानं धारंला बसती. तिला तीच सवय हाय." अंमलदार हसला. मी मात्र ते लिहायला लावलं.

चौथ्या दिवशी खबर आली, की भवानीनगरकडचा एक जनावरांचा व्यापारी डेअरीत अचानक जास्त दूध घालतोय. दुपारीच छापा घातला. गाय सापडली, पण कानातला बिल्ला काढलेला. व्यापारी भलताच बेरका.

"सायब, बाजारात उभं ऱ्हायलं की ते गुड्स, निस्ता माल. आधी कुणाचं हुतं, कोण बघतंय?"

मी तापलो. "गुड्स म्हणजे ज्याच्या जागी तसलंच दुसरं चालतं ते. त्या बाईंना दुसरी गाय चालंल का रे?"

मग त्याला गाईचे पाय न बांधता धारेला बसवलं. उजवीकडून बसला, तशी लाथ बसून बादली उडाली. डावीकडून बसवलं, तर गाय मुकाट उभी. त्यानं मान खाली घातली. "चार दिस पाय बांधून धार काढतोय, सायब. मीच नेली."

गाय जप्त करून ठाण्याच्या आवारात बांधली. ओळख पंचनामा दुसऱ्या दिवशी दुपारी होता. तोवर मुद्देमालाला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम ठणकावून मी कोर्टाच्या कामाला निघून गेलो. संध्याकाळची धार राहिली, सकाळचीही राहिली. गाय हंबरत होती. शिपाई सगळे शेतकऱ्यांच्या घरचे, त्यांना सगळं कळत होतं. पण हुकूम साहेबांचा.

बाई आल्या तेव्हा कास दगडासारखी झाली होती. डाव्या अंगाला बसून त्यांनी सड दाबला, तर रक्त आलं. पुढे तो सड कायमचा गेला. मी माफी मागितली. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "सायब, चोरानं येळंवर धार तरी काढली हुती."

तपासाबद्दल वरिष्ठांनी पाठ थोपटली. मला लाज वाटत होती. व्यापाऱ्याला 'गुड्स'चा अर्थ सांगणारा मी, आणि जित्या गाईला कपाटातल्या वस्तूसारखं ठेवणाराही मीच. त्यानंतर कुठलंही दुभतं जनावर जप्त झालं, की धार कोण काढणार हे मी पंचांना बोलावण्याआधी विचारायचो. त्या वस्तीवर परत जायची हिंमत मात्र कधी झाली नाही.