अंडी उबवायच्या पेटीतला शॉर्ट

बोर्ड तपासायचा मीटर 'टीं' करून ओरडला की मला आजही शिकार दिसल्यासारखं होतं. घनसावंगीला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. लोक म्हणतात, बाईला काय चिकाटी! चिकाटी कसली डोंबलाची. मला हरायला आवडत नाही, एवढंच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडते न उघडते तोच गावाकडून सासूबाईंचा फोन आला. "अगं, पेटी बंद पडली. जल्दी ये, अंडी गार होऊन राह्यली!"

पेटी म्हणजे अंडी उबवायचं यंत्र. आत बल्ब, पंखा आणि गरमी सांभाळणारा एक छोटा बोर्ड. अंडी काही सासूबाईंची नव्हती. गल्लीतल्या बायांनी विश्वासानं आणून दिलेली गावरान अंडी होती ती, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लं निघायची होती. मी शटर ओढलं आणि मिळेल त्या जीपनं घर गाठलं.

सासूबाईंनी अंडी गोधडीत गुंडाळून भोवती गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या होत्या. तोंड एवढंसं झालं होतं. "कोणाला सांगितलं न्हाई अजून," त्या म्हणाल्या. "काय तोंडानं सांगू?"

नवऱ्यानं फोनवरून सल्ला दिला, नवा बोर्ड मागव. "तो येईस्तोवर पिल्लांना थांबायला सांगता का?" असं म्हणून मी फोन ठेवला.

बोर्ड काढला. करंट आत येतो त्या जागेवर मीटरची एक पिन आणि ग्राउंडवर दुसरी. टीं! सरळ शॉर्ट, म्हणजे दोन्ही लाईनी आत कुठंतरी एकमेकींना चिकटलेल्या. मला तर गुदगुल्याच झाल्या. अडचण अशी की शॉर्ट एकाच ठिकाणी असतो, पण त्या लाईनवर पिन टेकवू तिथं मीटर बोंबलतो. माझा संशय एका कपॅसिटरवर होता; हे बारके भाग आतून खराब होऊन शॉर्ट होतात. तो काढला. टीं. दुसरा काढला. टीं.

"आवाज येऊन राह्यला, म्हंजे झालं का?" सासूबाईंनी आशेनं विचारलं.

"न्हाई आई, आवाज बंद झाला पाहिजे."

मग मी मीटर ओहमच्या सगळ्यात खालच्या रेंजवर घेतला. शॉर्टच्या जवळ जावं तसा आकडा उतरत जातो. एक पॉइंट दोन. थोडी सरकले, पॉइंट नऊ. डिस्प्लेकडे गेले तर परत वाढला. बल्ब चालूबंद करणाऱ्या रिलेकडे वळले: पॉइंट सहा, पॉइंट चार. इतकी मजा येत होती की मी आकडे मोठ्यानं वाचायला लागले. गार पडत चाललेल्या अंड्यांशेजारी बसून मजा वाटते याची लाजही वाटली, पण खोटं कशाला बोलू?

रिलेच्या पायाशी टॉर्च धरला. तिथून शेजारच्या ग्राउंडपर्यंत केसाएवढा तांब्याचा तंतू आडवा पडला होता. चिमट्यानं उचलला, मीटर लावला. गप्प! "सापडलं!" म्हणून मी अशी ओरडले की अंगणातल्या कोंबड्या फडफडल्या.

सासूबाईंनी तो तंतू उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा बदलला. आदल्या दिवशी त्यांनी पेटीची पूजा केली होती आणि झेंडूचा हार बांधायला जुनी वायर सोलून आतली तार घेतली होती. तिचाच तुकडा पंख्याच्या जाळीतून आत पडला होता. माझं डोकं सणकलं. "आई, घरात दोरा न्हवता का?"

"दोरा तुटतो म्हणून त तार घेतली."

मला हसूच फुटलं.

काढलेले कपॅसिटर परत जोडले. बल्ब लागला, पंखा फिरला. पेटी तापेपर्यंत सासूबाई परातीत कोमट पाणी घेऊन आल्या. पिल्लू जिवंत असेल तर पाण्यात सोडलेलं अंडं आपोआप हलतं, ही त्यांची परीक्षा. काही अंडी हळूच सोडली आणि पाणी शांत होऊ दिलं. काहीच हललं नाही. माझी सगळी मजा उतरली. नुसता बोर्ड जिवंत होऊन काय उपयोग? सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

आणि कडेचं एक अंडं डुललं. मग त्याच्या शेजारचं. मग मधली दोन एकदमच.

सासूबाई तशाच उठून दारात धावल्या. "अगं ए, जित्ती हायेत गं तुमची पिल्लं!"

समोरची शेजारीण धुणं पिळता पिळता थांबली.

"मेल्ती कवा?" तिनं विचारलं.