मंगळवारची सुट्टी

माझ्या मुलीला चालता येत नाही. दर मंगळवारी मी तिला दासगावहून महाडच्या थेरपी केंद्रात घेऊन जाते. तिथे पोलादपूरच्या वरच्या वाडीतली एक बाई भेटते. तिचा मुलगाही तसाच, नवरा मुंबईला. नाव मी कधी विचारलं नाही. सगळ्या तिला वहिनी म्हणतात. एखादी आई रडायला लागली की वहिनी पदर पुढे करते. "पूस गो डोळे, पन नाक नको शिंकरूस. उद्या हेच नेसायचं हाय."

एकदा तिथे एक पाहुणे भाषणाला आले. म्हणाले, "अशा मुलांसाठी देव खास आईबाप निवडतो." आम्ही माना डोलावल्या. वहिनी मात्र उठली. "निवडलंन ते बरं केलंन. पन सुट्टी कोन देनार, ते विचारा त्याला." पाहुण्यांनी पाण्याचा ग्लास उचलला.

पुढच्या मंगळवारी तिने सगळी मुलं स्वतःभोवती बसवली आणि आम्हाला बाहेर हाकललं. "जावा गो! इतक्यात तोंड दाखवू नका."

"माझी रडली तर?"

"तर मीपन रडीन. तू जा."

रिकाम्या हातांनी कसं चालायचं तेच मला आठवेना. आम्ही बाजारात भेळ खाल्ली, उगाच बांगड्या बघितल्या. परतले तर मुलीने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आधी राग आला, मग फार बरं वाटलं.

"आता माझी पाळी," वहिनी म्हणाली. "मी नुस्ती झोपनार."

आणि पुढच्या खेपेला ती खरंच आतल्या खोलीत घोरत पडली. तिची पोलादपूरची एसटी गेली, तरी आम्ही तिला उठवलं नाही. मागून दुसरी होतीच.