कोबीच्या ढिगातला नवरा

वाशीच्या आमच्या सोसायटीत तेव्हा दिवाळीला हस्तलिखित अंक निघायचा. एकच प्रत. ती एकेक दिवस एकेका घरी मुक्काम करायची आणि फोडणीचे डाग घेऊन पुढच्या घरी निघायची. नव्वदच्या दशकातल्या एका वर्षी कमिटीने जाहीर केलं, की यंदा अंकातल्या सर्वोत्तम विनोदी लेखाला किंवा व्यंगचित्राला शाल, श्रीफळ आणि मानपत्र. बक्षीस मात्र एकच.

ते माझंच, याविषयी मला तरी शंका नव्हती. ऑफिसात माझ्या विनोदांना सगळे हसायचे. रजेचे अर्ज माझ्याच टेबलावरून पुढे जायचे, हा भाग वेगळा.

महिनाभर खपून मी नवऱ्यांच्या हालांवर अकरा पानी लेख लिहिला. घरात रोज वाचून दाखवला. बायको भाजी निवडत "हं" म्हणायची. मुलगी विचारायची, "बाबा, हसायचं कुठे ते आधी सांगा ना."

लेख अंकात उतरला, पण शेवटी अर्धं पान कोरं राहिलं. अंकाची सजावट बायकोकडे. अशा जागेत एरवी ती पणती नाहीतर वेलबुट्टी काढायची.

"काढ काहीतरी पानपूरक," मी उदारपणे म्हणालो.

तिने मला काढलं.

थोड्याच दिवसांपूर्वी मी एपीएमसी मार्केटात एक कोबी आणायला गेलो होतो. घाऊक भाव ऐकून अंगात आलं आणि अख्खी गोणी रिक्षात घालून आणली. चित्रात कोबीचा ढीग, ढिगातून वर आलेला चष्मा आणि माझं नाक. नाक तिने जरा जास्तच मन लावून काढलं होतं. समोर कमरेवर हात ठेवून ती. खाली एकच ओळ : "आणि कोथिंबीर?"

"ठीक आहे," मी म्हणालो. "लेखाला उठाव येईल."

प्रजासत्ताक दिनी झेंडावंदन झाल्यावर पार्किंगमध्ये समारंभ होता. परीक्षक म्हणून पनवेलचे चित्रकलेचे निवृत्त मास्तर आले होते. मी सिल्कचा झब्बा घातला. सासूबाईंना मुद्दाम बोलावून पुढच्या रांगेत बसवलं. जावई नुसताच बडबडतो, हे त्यांचं मत मला कायमचं बदलायचं होतं.

मास्तर उभे राहिले. "अंकाचं शेवटून तिसरं पान..."

माझंच पान! मी उठलो, झब्बा सारखा केला आणि टाळ्यांमधून निम्मं अंतर कापलं.

"...त्यावर खाली जे व्यंगचित्र आहे," मास्तरांनी वाक्य पुरं केलं.

मी मध्येच उभा. पुढे जावं तर शाल माझी नाही, मागे जावं तर सासूबाई.

मास्तरांनी एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "अरे, या या! तुम्ही हवेच होतात. जरा एका बाजूला तोंड करून उभे राहा बघू." त्यांनी अंक माझ्या तोंडाशेजारी धरला. "नाक बघा, मंडळी. एका रेषेत! मी जन्मभर शिकवलं, पण मला नाही जमलं असं."

अख्खं पार्किंग हसत सुटलं. वॉचमन गेट सोडून आत आला. मीटिंगमध्ये फक्त लिफ्टवरून भांडणारे काका डोळे पुसत होते. सासूबाई तोंडाला पदर लावून गदगदत होत्या. अकरा पानांत जे मला जमलं नव्हतं, ते मी नुसतं उभं राहून केलं होतं.

बायको शाल घ्यायला पुढे आली. हळूच म्हणाली, "रागावलात का हो?"

"छे," मी म्हणालो, आणि नवल म्हणजे खरं तेच बोललो. "शाल नीट घे. लोक बघतायत."

मग कुणी सांगितलं नसताना मी मान फिरवून दुसऱ्या बाजूनेही उभा राहिलो.