गुलाबी रिबिनींची रांग

नुसती फुलं बघून झाड निवडणाऱ्या माणसांचा मला भयंकर राग येतो. अडतीस वर्षं हायवेच्या कडेला नर्सरी चालवतेय मी. मे महिन्यात क्रॅबॲपल, म्हणजे शोभेचं रानसफरचंद, फुलतं, तेही जेमतेम दहा दिवस, आणि त्या दहा दिवसांत सगळं गाव माझ्या दारात. "लव्हॉन, ते गुलाबी दे ना!" अरे बाबांनो, उरलेलं वर्ष काय बघणार आहात? पानांवर काळे डाग पडून ऑगस्टातच झाड बोडकं झालं, की मग हेच लोक माझ्या नावानं खडे फोडणार.

म्हणून त्या शनिवारी माझी भावजय आर्डिस आली आणि फुलांचं नावही न काढता बाकीच्या वर्षाचं विचारायला लागली, तेव्हा मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, चला, आपल्या घरात एक तरी शहाणं माणूस निघालं. माझ्यासारखी मूर्ख मीच.

तिच्या येण्यातच खरं तर सगळं आलं होतं. तिच्या चार दारांच्या पिकअपचं पुढचं चाक माझ्या जिरेनियमच्या दोन कुंड्यांवर चढलं. खापरांचा आवाज ऐकून मी बाहेर धावले.

"काय गं, कुंड्या भर वाटेत ठेवतेस?" ती उतरता उतरता माझ्यावरच डाफरली.

"वाटेत? वीस वर्षं तिथेच आहेत त्या!"

"मग आता हलव."

आर्डिसचं बोलणं असंच. एकतीस वर्षं तिनं शाळेची चौदा नंबरची बस चालवली. आमच्या मिनेसोटात हिवाळ्यात वारा सुटला की रस्ता कुठला आणि शेत कुठलं कळत नाही, सगळं पांढरं. तशात ही बाई पहाटे साडेपाचला बस बाहेर काढायची. डोळ्यांत तेल घालून चालवायची. एकदा रस्त्याकडेच्या चरात बर्फात पडलेली लाल टोपी तिला धावत्या बसमधून दिसली, आणि टोपीखाली सहा वर्षांचं पोर होतं. आजही तो पोरगा, आता दोन मुलांचा बाप, तिला नाताळात भलं मोठं हॅम आणून देतो.

तिचे दोन नेम होते. फाटक नसलेले रूळ आले की बस थांबवायची, दार उघडायचं, कान देऊन ऐकायचं, मगच पुढे. हा नियम सगळ्याच बसवाल्यांना आहे, पण आर्डिस स्वतःच्या गाडीतसुद्धा पाळायची, काच खाली करून. आणि फेरी संपली की बसच्या शेवटच्या बाकापर्यंत चालत जायचं, प्रत्येक बाक बघायचं, कुणी पोर झोपून राहिलंय का म्हणून. माझा भाऊ नॉर्व्हल तिची टिंगल करायचा, "आर्डिस चर्चमधून निघतानाही बाकं तपासते!" नॉर्व्हल जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून ती गावापासून अकरा मैलांवरच्या त्या घरात एकटी. दुकान, डॉक्टर, चर्च, नात, सगळं त्या पिकअपच्या किल्लीवर.

तर ती म्हणाली, "दोन झाडं हवीत. घराकडे वळायच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना, टपालपेटीपाशी."

"रस्त्याच्या इतक्या जवळ? बर्फ काढणारी गाडी बर्फ वितळवायचं मीठ उडवते. जळतील."

"जळू देत. तू लांबून दिसणारी दे."

"गुलाबी?"

"पांढरी."

इथे मला शंका यायला हवी होती. पांढरी फुलं म्हणजे अंत्यविधीची, असं म्हणत या बाईनं जन्मभर पांढऱ्या फुलाला घरात घेतलं नाही. नॉर्व्हलच्या वेळीसुद्धा गुलाबीच आणवली होती.

"फुलं गेल्यावर काय दिसतं?"

"पानं. मग सप्टेंबरात बोराएवढी लाल सफरचंदं."

"ती किती दिवस टिकतात? बर्फातही लाल दिसतात?"

मी हुरळलेच. तिला रांगेरांगेनं फिरवलं. हे एक फुलतं छान, पण फळ धरत नाही. हे फळ धरतं, पण नोव्हेंबरात सगळं खाली सडा, बुटांना चिकटतं. आणि हे बघ, याला पांढरी फुलं येतात आणि फळं जानेवारीपर्यंत घट्ट, पाखरं येऊन खाईपर्यंत. पानांना रोगही नाही. मी बोलत होते आणि ती प्रत्येक झाडाच्या खोडाला हात लावत होती. मान किंचित वाकडी करून बघत होती. मला वाटलं, मान आखडलीय.

आम्ही शेवटच्या रांगेशी आलो. ही रांग मी मुद्दाम थंड शेडमधून उशिरा काढते, म्हणजे उशिरा येणाऱ्या गिऱ्हाइकालाही फूल मिळावं. एकही कळी उमललेली नव्हती. नुसत्या हिरव्या काड्या. पण सगळी रांग एका चर्चनं आधीच घेऊन ठेवली होती, आणि विकलेल्या झाडाला आम्ही गुलाबी रिबीन बांधतो. जमीन मोजणारे बांधतात ना, तसली झगझगीत. वाऱ्यावर त्या फडफडत होत्या.

आर्डिस थबकली. तिचा चेहरा एकदम उजळला.

"अगं बाई," ती म्हणाली, "ही काय फुललीत गं! इतकी गुलाबी या वर्षी पहिल्यांदाच बघतेय."



मी तिच्याकडे बघितलं. थट्टा करत नव्हती. आर्डिसला थट्टा करताना ओठ दाबायची सवय आहे, आणि ओठ हसत होते. मग एकेक गोष्ट माझ्या डोक्यात धाडधाड येऊन आदळायला लागली. कुंड्या. खोडाला हात. वाकडी मान. एप्रिलमध्ये दोनदा मोडलेली तिची टपालपेटी, जिच्यासाठी तिनं बर्फाच्या गाडीवाल्याला शिव्या घातल्या होत्या, आणि एप्रिलच्या त्या पंधरवड्यात बर्फ पडलाच नव्हता. या बाईला बागेसाठी झाडं नकोच होती. घराचं वळण सापडावं म्हणून तिला बारा महिने दिसणारी खूण हवी होती.

"किती वाजले?" तिनं विचारलं. मनगटावर घड्याळ होतं.

"सव्वादोन."

"मग निघते. तीनला ब्रिटाचा सराव संपतो."

ब्रिटा तिची नात, नऊ वर्षांची. बाप, म्हणजे आर्डिसचा मुलगा गेलन, पेरणीच्या दिवसांत उजाडल्यापासून ट्रॅक्टरवर. आई दवाखान्यात नर्स, शनिवारी तिची ड्यूटी. म्हणून सॉफ्टबॉलच्या सरावाहून पोरीला आणायचं काम आजीचं. जाताना बारा मैल, येताना बारा, मध्ये बिनफाटकाचे रूळ, आणि पेरणीची भलीमोठी यंत्रं रस्त्यावर.

मी फोन काढून गेलनला लावला. वाजत राहिला. ट्रॅक्टरच्या धडधडीत त्याला काय ऐकू येणार?

"आर्डिस, कॉफी घे आधी. लिंबाच्या वड्या केल्यात."

"नको गं."

"अर्धा कप."

"नको, उशीर होतो."

आमच्याकडे कॉफीला दोनदा नाही म्हणतात आणि तिसऱ्यांदा "बरं, अगदी थोडी" म्हणून खुर्चीत बसतात. लहान पोरालाही हे कळतं. मी तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही," आर्डिस म्हणाली आणि चालायला लागली.

मी तिच्यामागे. सत्तेचाळीस वर्षांत मी त्या बाईला एकदाही उलट बोलले नव्हते, म्हणजे खऱ्या गोष्टीवर नाही. कुंड्यांवरून हजारदा भांडलोय.

"मीच जाते ना ब्रिटाला आणायला."

"गिऱ्हाइकं कोण बघणार?"

"खड्ड्यात गेली गिऱ्हाइकं."

"लव्हॉन, तुला काय झालंय?" ती गाडीच्या दाराशी पोचली. किल्ली हातात. कुलपाच्या भोकाभोवती किल्लीचं टोक एकदा, दोनदा, तीनदा फिरलं, मग बोटानं भोक चाचपून तिनं किल्ली घातली.

मी दारावर हात ठेवला.

"त्या रिबिनी होत्या, आर्डिस."

"कुठल्या?"

"शेवटच्या रांगेत. फुलं नाहीत तिथे. एकसुद्धा नाही."

पलीकडे कुणीतरी हातगाडी ढकलत होतं, तिचं चाक कुरकुरत होतं.

"म्हणजे परीक्षा घेत होतीस माझी," आर्डिस म्हणाली. आवाज इतका थंड, की मला तिच्या बसमध्ये मारामारी करताना पकडलं गेल्यासारखं वाटलं.

"नव्हते घेत. देवाशपथ."

"नजरेतलं मधलंच गेलंय फक्त. कडेनं सगळं दिसतं मला. मान वळवली की झालं. रस्ता मला पाठ आहे. हात काढ."

"किती दिवस झाले?"

"ऑक्टोबरात कळलं. डॉक्टर म्हणाला, आता होतं तसं होणार नाही. हात काढ, लव्हॉन. पोरगी वाट बघेल."

"गेलनला माहीत आहे?"

"तू सांगितलंस तर तुझं तोंड बघणार नाही मी. कळतंय तुला? किल्ली गेली की मी काय त्या घरात भिंतींशी बोलत बसू? मला शहरात नेऊन टाकतील, एक नळ आणि एक खिडकी असलेल्या खोलीत!"

एक क्षण मला वाटलं, जाऊ दे, बारा मैल तर आहेत, पाठ आहे रस्ता. खरंच वाटलं, आणि त्याची लाज मला अजून वाटते. मग मला मर्ल आठवला.

मर्ल म्हणजे नऊ नंबरच्या बसचा ड्रायव्हर. म्हातारा, गोड, पोरांचा लाडका. त्याला अंधारात दिसेनासं झालंय हे आर्डिसनंच ओळखलं, आणि आधी त्याच्याकडे किल्ली मागून मग स्वतः जाऊन वरिष्ठांना सांगितलं. मर्ल मरेपर्यंत तिच्याशी बोलला नाही.

"तू मर्लला काय म्हणाली होतीस?" मी विचारलं.

"गप्प बस."

"सांग ना. किल्ली मागताना काय म्हणालीस?"

"गप्प बस म्हटलं ना!"

पण तिचा हात दारावरून खाली आला. मग अगदी हळू म्हणाली, "म्हटलं होतं, मर्ल, तुझ्या मागची बाकं रिकामी नसतात."

ती गाडीचं मागचं दार उघडून आत वाकली. मला कळेना काय करतेय. मागची सीट तिनं हातानं या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली, खालची जमीन चाचपली, ब्रिटाचा एक मोजा सापडला तो खिशात घातला. फेरी संपल्यावर करायची तसं. मग दार लावलं, किल्ली माझ्या तळव्यावर ठेवली आणि वळसा घालून दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. दुकान मी कामावरच्या बाईच्या गळ्यात टाकलं आणि निघाले.

रूळ आले तशी ती म्हणाली, "थांब. काच खाली कर." आम्ही दोघींनी ऐकलं. काही नव्हतं. "हां, आता जा."

तीनला पाच कमी असताना आम्ही मैदानावर पोचलो. ब्रिटा बॅट ओढत आली, स्टिअरिंगवर मला बघून थांबली, मग आजीकडे बघितलं. ती मागे चढली, पट्टा लावला.

तीन मैल गेलो असू. आर्डिसनं मान मागे वळवली, कडेनं बघायला, आणि मग कान दिला.

"काय करतेय ती?"

मी आरशात बघितलं. "झोपलीय. तोंड उघडं टाकून."

आर्डिस समोर बघत राहिली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते तिनं पुसलंही नाही.

"हिवाळाभर एकदासुद्धा झोपली नाही ती माझ्या गाडीत," ती म्हणाली. "मला वाटायचं, आता मोठी झाली. पोर जागी राहून माझ्यासाठी रस्ता बघत होती."

वळणाशी, मोडक्या टपालपेटीपाशी आल्यावर मी वेग कमी केला आणि विचारलं, "मग झाडांचं काय करायचं? दोन ठेवू बाजूला?"

"एकच ठेव," ती म्हणाली. "इथे नको. स्वयंपाकघराच्या पायऱ्यांशी, हात पोचेल असं. वासाचं आहे का एखादं?"

"आहे. पण ते गुलाबी."

"मग गुलाबीच दे की! पांढरं मेलं हवं होतं कुणाला?"

घराशी गाडी थांबली. ती उतरली, मागचं दार उघडलं, सीट चाचपत गेली, आणि तिचा हात पोरीच्या बुटाला लागला.

"उठ गं राणी," आर्डिस म्हणाली, "पोचलो."