मशीनवर बसलेली ताई

माझ्या मामांच्या ओळखीतलं कुणी गेलं, तर ते पुरतं जात नाही. दुरुस्त होऊन आमच्या दूधविनायक गल्लीतल्याच दुसऱ्या कुणाच्या घरी राहायला जातं. हे मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ, रेल्वेतून निवृत्त झालेले. काशीत शेवटचे दिवस काढायला आलेल्या म्हाताऱ्यांच्या खोल्या रिकाम्या झाल्या की नातेवाईक फोटो आणि भांडी घेऊन जात, आणि उरलेल्या सामानासाठी कबाडीवाला यायच्या आत मामा पोचलेले असत. इस्त्रीची तार बदलायची, छत्रीला काड्या बसवायच्या, आणि ज्याला गरज असेल त्यानं न्यायचं, हा त्यांचा नियम. गल्लीत नवीन काही विकत आणणं अवघड झालं होतं. शेजारच्या वहिनींनी नवा मिक्सर आणला तो टॉवेलखाली लपवून, चोरीचा माल आणावा तसा.

इथवर ठीक होतं. पण वस्तूला ते मूळ मालकाच्याच नावानं हाक मारत. इस्त्री म्हणजे जोशीबाई, छत्री म्हणजे नाना. मामांचे नवे जावई पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा मामा आतून सहज म्हणाले, "नाना मागच्या दारात भिजत उभे आहेत, त्यांना आत घ्या." जावई अदबीनं उठले, दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. गळते का ते पाहायला पाणी ओतलेली छत्री भिंतीला टेकून ठिबकत होती. त्यांना जेवण गेलं नाही. एका शास्त्रीबुवांचा टेबलफॅन तर कुठल्याही घरात ठेवला तरी फिरत फिरत दाराकडे वळून तिथंच अडायचा. मामांनी तो तीनदा खोलला. मग म्हणाले, "बघू दे त्यांना. कुणी येणार असेल."

आई गेल्यावर मामांनी तिचं, म्हणजे त्यांच्या ताईचं, शिलाई मशीन मागून नेलं आणि मंगला गौरीच्या देवळाजवळच्या एका नव्या सुनेला दिलं. तिनं आईला कधी पाहिलं नव्हतं. काही महिन्यांनी मी त्या घरावरून जात होतो आणि माझे पाय थबकले. आतून मशीनचा आवाज येत होता: धडधड, मग शांतता, दोन टाके, पुन्हा शांतता. आई अशीच शिवायची. खिडकीतून पाहिलं, तर मशीन थांबलं की ती मुलगी मान वर करून दाराकडे बघत होती, अगदी आई बघायची तशीच.

मी मामांना गाठलं. ते म्हणाले, "ताईचा पट्टा ढिला आहे, घसरतो. तिनंच मला कधी घट्ट करू दिला नाही. म्हणायची, मशीन थांबतं तेवढ्यात जिन्यावर लेकाचा पाय वाजला तर ऐकू येतो."

मला हे माहीत नव्हतं.

पण त्या मुलीची कामं खोळंबत होती, गिऱ्हाइकं कुरकुरत होती. मामांनी पक्कड माझ्यापुढे धरली. "तू करशील तर कर. माझ्यानं नाही होत."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. मी चामडी पट्टा बोटभर कापला, तारेनं पुन्हा जोडला. मुलीनं पायडल मारलं. मशीन सलग, न अडखळता चाललं. मला हायसं वाटलं आणि कसंसंही झालं. तेवढ्यात तिनं स्वतःच पाय थांबवला, मान वर केली आणि दाराकडे पाहत विचारलं, "कौन आया, मामाजी?"

दारात कुणी नव्हतं. मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि तो बराच वेळ तिथंच होता.

आता त्या गल्लीतून जाताना मी मुद्दाम पाय वाजवत चालतो. खिडकीपाशी जरा थांबतो. आत कुणीतरी मान वर करून पाहीपर्यंत मला पुढे निघवत नाही.